सुवर्ण हुकलं नव्हतं

चैत्र-वैशाखात आमच्या खंडाळा तालुक्यात गावोगावच्या जत्रा लागतात आणि जत्रेला जोडून कुस्त्यांचं मैदान भरतं. आधी रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या, मग शंभर-पाचशेच्या आणि शेवटी मानाची जोड. दोन मोठ्या जोडींच्या मधे वेळ काढायचा असला की माइकवरचा निवेदक हमखास खाशाबांवर येतो. हलगी थांबते आणि एक गोष्ट सुरू होते. आपल्या सातारा जिल्ह्यातला, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा एक गरीब पोरगा. सरकारनं दमडी दिली नाही. गावानं वर्गणी काढली, प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकलं. हेलसिंकीला गेला तर सोबत ना वस्ताद, ना अधिकारी. एक लढत संपते न संपते तोच त्याला पुढच्या लढतीला उभं केलं. अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा हक्क होता, पण तो मागायला आपलं कुणी तिथं नव्हतं. म्हणून सुवर्ण गेलं आणि कांस्य आलं. मग देश त्याला विसरला. पोलीस खात्यात कुजवला, १९८४ साली अपघातात गेला, आणि ‘अर्जुन’ मिळाला तो मेल्यावर. माणसं हळहळतात, कुणी शिवी हासडतो आणि पुढची जोड आखाड्यात उतरते.

ही गोष्ट निवेदकांपुरती राहिलेली नाही. दर ऑलिंपिकला वर्तमानपत्रांत ती येते, शाळेच्या भाषणांत येते, भल्याभल्यांच्या लेखांत येते. तिचं मर्म एवढंच: खाशाबा जाधव हे उपेक्षेवर मात करून एकट्यानं जिंकलेले वीर, आणि नशिबानं व नतद्रष्ट व्यवस्थेनं त्यांचं सुवर्ण हिरावलं. हा पूर्वपक्ष जोरदार आहे आणि त्यातला बराच तपशील खराही आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. तो खाशाबांवर अन्याय करतो, आणि त्याहून जास्त अन्याय त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मुलखावर करतो.

सुवर्णाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो साध्या हिशेबानं निकालात निघतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा ५७ किलो गटात फ्रीस्टाइल लढले. कॅनडाच्या पोलिकाँला आणि मेक्सिकोच्या बासुर्तोला त्यांनी चितपट केलं, जर्मनीच्या श्मिट्झला गुणांवर हरवलं. पुढं दोन लढती ते हरले: एक जपानच्या शोहाची इशिईशी, दुसरी सोव्हिएत संघाच्या, मूळ अझरबैजानच्या रशीद मामेदबेयोवशी. सुवर्ण इशिईनं नेलं, रौप्य मामेदबेयोवनं, कांस्य खाशाबांना मिळालं. आता निवेदकाची गोष्ट शब्दशः खरी धरू. इशिईशी लढून दमलेल्या खाशाबांना दम न खाऊ देता मामेदबेयोवपुढं उभं केलं, असं ती म्हणते. तसं असेल तर अन्याय झाला तो मामेदबेयोवच्या कुस्तीत. पण इशिईची कुस्ती तर त्याआधीच हरून झाली होती! विश्रांती मिळाली असती, खाशाबांनी मामेदबेयोवला हरवलंही असतं, तरी ज्यानं खाशाबांना हरवलं होतं तो इशिई जागचा हलत नव्हता. फार तर रौप्य आलं असतं. सुवर्ण त्या अर्ध्या तासात कधी नव्हतंच.

हे सांगितलं की माणसं रागावतात, जणू खाशाबांच्या पदकातून आपण काहीतरी काढून घेतलं. माझं म्हणणं उलट आहे. हुकलेल्या सुवर्णाच्या गोष्टीत मिळालेलं कांस्य अपघातासारखं दिसू लागतं. तीन जण हरवून, त्यातले दोन पाठीवर पाडून मिळवलेलं पदक हळहळीचा विषय होऊन बसतं. शिवाय तो जपानी कोण होता याची चौकशी आपण कधी करतच नाही. इशिई मूळचा ज्यूदोचा. युद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात जपानात ज्यूदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. दोघंही १९२६ सालचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावणंच नव्हतं. म्हणजे लंडनचा अनुभव खाशाबांच्या गाठीला होता, इशिईच्या नव्हता. हेलसिंकीत जपानला एकच सुवर्ण मिळालं, ते याचं. युद्धात बेचिराख झालेल्या देशाचा, दुसऱ्या खेळातून आलेला मल्ल आपल्या मल्लाला भारी पडला, यात ‘नशीब’ शोधायचं तर ते कुणाच्या बाजूनं होतं?

आता दुसरा मुद्दा, आणि खरा वाद इथं आहे. पदक उपेक्षेतून उगवलं असं म्हणतात. मग विचारावंसं वाटतं की उपेक्षा तर आपल्याकडे कधीच कमी नव्हती, पदकं का कमी पडली? खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ साली अटलांटात लिअँडर पेसनं दिलं. मधे ४४ वर्षं गेली. कुस्तीतलं पुढचं पदक सुशील कुमारचं, २००८ साली. हाल-अपेष्टांनी मल्ल घडत असते तर या अर्धशतकात माण-खटावच्या दुष्काळानंच डझनभर पदकं दिली असती.

हेलसिंकीचाच दुसरा निकाल बघा. तो कुणी सांगत नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये, ६२ किलो गटात, कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले. पदकाला एक पायरी कमी. जवळजवळच्या दोन जिल्ह्यांतले दोन गडी एकाच वर्षी जगात तिसरा आणि चौथा क्रमांक काढतात. एक असता तर चमत्कार म्हणून सोडून दिलं असतं. दोन असले की त्यांच्यामागे काय होतं हे शोधावं लागतं.

काय होतं ते तसं उघड आहे, फक्त दिल्लीच्या फायलींत सापडणार नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, ठिकठिकाणच्या मल्लांना पोसलं, १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं. त्या मैदानाची रचना अशी की हजारो लोकांतल्या शेवटच्यालाही आखाडा दिसावा. महाराज १९२२ साली गेले, पण कुस्तीची चटक आणि तालमींचं जाळं मागं राहिलं. ते कोल्हापूरच्या हद्दीत थांबलं नाही. कृष्णा-वारणेच्या काठानं कऱ्हाड, वाळवा, शिराळा, मिरज असं ते पसरलं. खाशाबांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांतलं हे शेंडेफळ मातीत उतरलं ते घरच्याच आखाड्यात. पुढं कऱ्हाडचं टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. कॉलेजात जाणारा पैलवान ही गोष्टच वेगळी. शिकलेला, नियम वाचू शकणारा, अर्ज लिहू शकणारा मल्ल.

१९४८ ला लंडनला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. आतापर्यंत लाल मातीत लढलेला हा गडी तिथं मॅटवर उतरला. मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती ही सख्खी भावंडं वाटतात, पण त्यांचे स्वभाव जुळत नाहीत. मातीत वेळ खुला. पाठ टेकली की निकाल, तोवर एकमेकांना खेळवत बसा. मॅटवर घड्याळ चालू असतं, गुण मोजले जातात, पाय सरकतात, आणि तीन पंच डोळे लावून बसलेले असतात. लंडनला खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं आणि इराणच्या मन्सूर रईसीशी ते हरले. ५२ किलो गटात सहावा नंबर आला. पहिल्याच परदेशवारीत आणि अनोळखी मॅटवर मिळालेला हा सहावा नंबर कांस्याइतकाच बोलका आहे. तो निवेदकाच्या गोष्टीत येत नाही, कारण त्यात कुणी खलनायक नाही.

चार वर्षांत त्यांनी वजनाचा गट बदलला, मॅटची सवय केली आणि आपला हुकमी ‘ढाक’ मातीतून मॅटवर आणला. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून कमरेवरून फेकायचा हा डाव. शिकून, मोजून, हरलेल्या कुस्तीतून उरलेलं उचलून तयार झालेला हा मल्ल होता. त्याला ‘बिचारा’ ठरवणाऱ्यांनी त्याची चार वर्षांची मेहनत पुसून टाकली.

निवड चाचणीचा प्रसंगही उलटा सांगितला जातो. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, म्हणून हेलसिंकीचं तिकीट धोक्यात आलं, इथंपर्यंत सगळे येतात आणि ‘बघा, कसा अन्याय’ म्हणून थांबतात. पुढचं जास्त महत्त्वाचं. खाशाबा हात चोळत बसले नाहीत. त्यांनी थेट पटियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. यादविंदर सिंग हे कुस्तीचे शौकीन, शिवाय भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष. म्हणजे तक्रार गेली ती अगदी योग्य टेबलावर. फेरलढत मिळाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्धी निरंजन दासला चितपट केलं. अन्याय झाला, दाद मागितली, दाद मिळाली, कुस्ती जिंकली. यातून व्यवस्था निर्दोष ठरत नाही. पण ‘व्यवस्थेविरुद्ध एकटा’ हे चित्र मात्र टिकत नाही. व्यवस्थेच्या कुठल्या दारावर थाप मारायची हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

राहिला पैशांचा प्रश्न. १९४८ आणि १९५२ च्या मधे एक मोठी घटना घडली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. लंडनला पाठवणारा राजा गेला आणि त्याची जागा घेणारं खातं अजून जन्मायचं होतं. म्हणून खाशाबांना दारोदार फिरावं लागलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. गावकऱ्यांनी, कऱ्हाडच्या व्यापाऱ्यांनी जमेल तसं दिलं. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून पैसे मिळवले आणि ते घर सोडवलं, असं सांगतात. या साऱ्याला ‘कुणीच मदत केली नाही’ म्हणायचं? एका कॉलेजचा प्राचार्य आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकतो, असा मुलूख शोधून दाखवा. मुंबई सरकार हात आखडून बसलं ही बाब खरी, तिची लाज वाटावी. पण सरकारनं दिलं नाही म्हणजे कुणीच दिलं नाही, हे गणित आपण केव्हापासून शिकलो? ते शिकलो म्हणूनच आज गावची तालीम पडायला आली की आपण निधीच्या पत्राची वाट बघत बसतो.

तिसरा मुद्दा विस्मृतीचा. याचं मात्र हसू येतं. हेलसिंकीहून परतल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्ती-सभागृहाला २०१० साली त्यांचं नाव दिलं गेलं. २०२३ च्या जानेवारीत त्यांच्या जयंतीला गूगलनं आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. नागराज मंजुळेंनी त्यांच्यावर चित्रपट जाहीर केला. ‘विस्मृतीत गेलेला नायक’ या मथळ्याखाली इतक्या नेमानं आठवला जाणारा दुसरा खेळाडू महाराष्ट्रात नसेल.

हयातीतली उपेक्षा मी नाकारत नाही. १९५६ चं मेलबर्न गुडघ्याच्या दुखापतीनं हुकलं. त्याच्या आदल्या वर्षी ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले होते. बढतीसाठी ताटकळले, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठीही झगडावं लागलं. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. तो खाशाबांना मिळाला तो मृत्यूनंतर कैक वर्षांनी. ही कृतघ्नताच. पण कृतघ्नता ही पदकानंतरची गोष्ट आहे. तिला मागं ढकलून पदकाचं कारण बनवता येत नाही.

आणि खरी उपेक्षा वेगळ्याच ठिकाणी झाली असं मला वाटतं. ती मुंबईत किंवा दिल्लीत झाली नाही. ती आपल्याच आखाड्यांत झाली. खाशाबा ५७ किलोंचे मल्ल. हेलसिंकीनंतरच्या दहा वर्षांत आपण कुणाला डोक्यावर घेतलं? शिराळ्याच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, मिरजेजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने. दोघंही थोर. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनी एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणलं. त्यांच्याबद्दल आदर कमी करायचं कारण नाही. पण दोघंही वजनदार गटांतले. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ सुरू झाली आणि तिची गदा भारी पैलवानाच्याच खांद्यावर शोभू लागली. बक्षिसं, जाहिराती, आमदारकीची स्वप्नं, सारं त्या गदेभोवती. सत्तावन्न किलोंच्या पोराला आमच्या मैदानावर दुपारी दोनला, ऊन तापलेलं असताना, पाचशे रुपयांवर सोडतात, आणि लोक जेवायला गेलेले असतात. तो मोठा झाला तर खुराक वाढवून वजन चढवायचं, एवढाच मार्ग त्याला दिसतो. नवा खाशाबा आपल्या तालमीत आला असता तर आपण त्याला बदाम-दूध पाजून शंभर किलोंचा केला असता.

जपाननं काय केलं ते या संदर्भात बघण्यासारखं आहे. इशिईच्या सुवर्णानंतर त्यांनी हुकलेल्या पदकांची गाणी गायली नाहीत. हलक्या वजनांत आपली माणसं जगाला भारी पडतात हे ओळखून तेच गट धरले. १९५६ ला मेलबर्नला कुस्तीत दोन सुवर्णं, १९६४ ला घरच्या टोकियोत पाच. इशिईचं सुवर्ण त्यांनी सुरुवात मानलं, खाशाबांचं कांस्य आपण शोकांतिका मानली.

भारतात हा धडा घेतला तो हरियाणानं आणि दिल्लीच्या छत्रसाल आखाड्यानं. अलीकडच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रवी दहियाला रौप्य मिळालं, पॅरिसमध्ये अमन सेहरावतला कांस्य. दोघांचाही गट ५७ किलो, खाशाबांचाच. अमन लहानपणीच अनाथ झाला आणि छत्रसालमध्ये वाढला. त्याच्या गोष्टीतही दुःख भरपूर आहे, पण पदक दिलं ते छत्रसालच्या मॅटनं, वस्तादांनी आणि रोज अंगाला भिडणाऱ्या तोलामोलाच्या जोडीदारांनी. आपल्याकडेही बीडच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोतच सुवर्ण आणलं. पण जत्रेच्या मैदानावर त्याचं नाव किती वेळा ऐकलंत ते आठवून बघा.

खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. ते आलं कोल्हापूर जिल्ह्यात: राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पॅरिस, २०२४, पन्नास मीटर रायफल, कांस्य. त्या दिवशीही वाहिन्यांवर गरीब घर, तिकीट तपासनीसाची नोकरी, उपेक्षा हेच चालू होतं. हा मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, हे वाक्य बातमीत आलं तर तळाशी. साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी, २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली. तिच्याही मागे साताऱ्यातलीच एक अकादमी आणि एक प्रशिक्षक आहेत. हलगीच्या तालावर अकादमीची गोष्ट रंगत नाही हे मान्य. पण पदकं तिथूनच येतात.

एक शेवटचा पुरावा खुद्द खाशाबांच्या घरातला. २०१७ साली कुटुंबीयांनी त्यांचं ऑलिंपिक पदक लिलावात काढायचं जाहीर केलं, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात हळहळ उठली. उपेक्षेच्या गोष्टीला नवा अध्याय मिळाला. मथळ्यांत लिलाव होता, पण लिलाव कशासाठी हे बातमीच्या पोटात शोधावं लागत होतं. त्या पैशांतून त्यांना गोळेश्वरात कुस्तीची अकादमी उभारायची होती. सरकारनं तिचं आश्वासन देऊन कैक वर्षं लोटली होती. घरच्यांनी पेन्शन मागितली नाही, चौकात पुतळा मागितला नाही. ज्या गोष्टीच्या जोरावर खाशाबा घडले असं मी इथवर सांगत आलो, नेमकी तीच त्यांनी मागितली होती, आणि ती मिळवण्यासाठी पदक विकायला ते तयार होते.